इनोडीबीशी पहिली ओळख: एका खुर्चीची दोन तिकिटं निघू नयेत म्हणून

रविवारच्या प्रयोगाला 'क' रांगेतली १२ नंबरची खुर्ची दोघांना विकली गेली, की तिसरी घंटा होईपर्यंत दारावर वाद चालतो. तिकीटविक्रीचा कोड उघडून बघितलात तर वरवर काहीच चुकलेलं दिसत नाही. आधी खुर्ची रिकामी आहे का ते तपासलंय, रिकामी असेल तर ती ग्राहकाच्या नावावर केलीय. अडचण आहे ती या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी तीच खुर्ची तपासली, त्यालाही ती रिकामीच दिसली आणि त्यानेही ती घेतली.

ही फट बुजवायची साधनं डेटाबेसच्या स्टोरेज इंजिनात, म्हणजे डेटा साठवणाऱ्या आणि वाचून देणाऱ्या भागात असतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या इंजिनाचं नाव इनोडीबी. फिनलंडच्या हेइक्की तूरी यांनी ते लिहिलं, त्यांची इनोबेस ही कंपनी २००५ साली ओरॅकलने विकत घेतली, आणि २०१०च्या अखेरीस आलेल्या मायएसक्यूएल ५.५ पासून ते आपोआप मिळणारं इंजिन झालं. त्याआधी मायआयसॅम हे इंजिन मिळायचं आणि त्यात ट्रान्झॅक्शन, म्हणजे झाली तर सगळी नाहीतर एकही नाही अशा कामांचा गठ्ठा, हा प्रकारच नव्हता.

पण नुसतं इनोडीबी वापरलं म्हणजे दुहेरी तिकीट थांबलं, असं नाही. कोणती कामं मिळून एक गठ्ठा मानायची, तो गठ्ठा कधी उघडायचा आणि किती लवकर बंद करायचा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. इंजिन तुम्ही आखलेली हद्द पाळतं, स्वतःहून आखत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या हद्दीबद्दलच आहेत.

इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या आणि आकडे अर्थातच रोमन लिपीत. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र मायएसक्यूएल देवनागरीतही स्वीकारतं, सरावासाठी खुशाल तशी ठेवा. नोकरीच्या ठिकाणी ठेवू नका, सहकारी वैतागतील. सगळी उदाहरणं मायएसक्यूएल ८ धरून दिली आहेत.

पायरी १: टेबल खरंच इनोडीबीवर आहे का ते बघा

"नवा सर्व्हर आहे, म्हणजे इनोडीबीच असणार" असं गृहीत धरू नका. जुन्या सॉफ्टवेअरची डम्प फाइल (डेटाबेस आज्ञांच्या रूपात उतरवून घेतलेली फाइल) नव्या सर्व्हरवर चढवली, की त्या फाइलमध्ये प्रत्येक टेबलापुढे जे इंजिन लिहिलेलं असतं तेच बनतं. फाइल मायआयसॅमच्या काळातली असेल तर कोऱ्या करकरीत सर्व्हरवरही मायआयसॅमची टेबलं तयार होतात आणि कुठलीही एरर येत नाही. म्हणून आधी विचारून घ्या:

सिलेक्ट टेबल_नेम, इंजिन फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.टेबल्स व्हेअर टेबल_स्कीमा = 'नाट्यगृह';

यादीत मायआयसॅम दिसलं तर ते बदलायची आज्ञा एका ओळीची आहे:

ऑल्टर टेबल खुर्च्या इंजिन = इनोडीबी;

आज्ञा छोटी असली तरी काम मोठं आहे. सर्व्हर सगळं टेबल नव्याने लिहून काढतो. तेवढा वेळ त्या टेबलात कुणालाही लिहिता येत नाही, आणि डिस्कवर जुन्या-नव्या दोन्ही प्रतींना पुरेल एवढी जागा लागते. म्हणून आधी बॅकअप घ्या, मग रात्रीची वेळ गाठा. ५.७ किंवा त्याआधीच्या सर्व्हरवर काम करत असाल तर 'मायएसक्यूएल' नावाच्या सिस्टीम डेटाबेसमधल्या टेबलांना हात लावू नका, तिथलं मायआयसॅम मुद्दाम ठेवलेलं आहे. ८.० मध्ये तीही इनोडीबीवर गेली.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. मायआयसॅमच्या टेबलाला कुणी फॉरेन की (इथला नंबर दुसऱ्या टेबलात असायलाच हवा, ही अट) लावली असेल तर सर्व्हर ती आज्ञा मुकाट ऐकून घेतो आणि विसरून जातो. त्यामुळे इंजिन बदलल्यावर जुन्या फॉरेन की आपोआप जाग्या होत नाहीत, त्या नव्याने लावाव्या लागतात. लावायला गेलात की वर्षानुवर्षं साठलेले अनाथ रेकॉर्ड बाहेर येतात. बुकिंग डिलीट झालंय, पण खुर्ची अजून त्याच बुकिंगचा नंबर धरून बसलीय, अशातले. ते आधी साफ करा.

पायरी २: टेबल बनवा, प्रायमरी की विचार करून ठेवा

क्रिएट टेबल खुर्च्या (
आयडी इंट अनसाइन्ड नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट प्रायमरी की,
प्रयोग_आयडी इंट अनसाइन्ड नॉट नल,
रांग व्हारकॅर(४) नॉट नल,
क्रमांक स्मॉलइंट अनसाइन्ड नॉट नल,
स्थिती टायनीइंट नॉट नल डिफॉल्ट ०,
बुकिंग_आयडी इंट अनसाइन्ड नल,
राखीव_मुदत डेटटाइम नल,
युनिक की (प्रयोग_आयडी, रांग, क्रमांक)
) इंजिन = इनोडीबी;

स्थितीत ० म्हणजे रिकामी, १ म्हणजे राखीव, २ म्हणजे विकलेली. प्रयोग जाहीर झाला की त्याच्या सगळ्या खुर्च्या या टेबलात आधीच भरून ठेवायच्या, विक्री म्हणजे नंतर फक्त स्थिती बदलणं. सोबत 'बुकिंग' नावाचं दुसरं टेबल लागेल: ग्राहकाचं नाव, मोबाइल, रक्कम, वेळ. रकमेसाठी डेसिमल वापरा, फ्लोट नको, पैशांच्या बेरजा चुकतात.

इनोडीबीत प्रायमरी कीला, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीच्या एकमेव ओळखीला, वेगळंच वजन आहे. टेबलातला डेटाच मुळी प्रायमरी कीच्या क्रमाने झाडाच्या रचनेत साठवलेला असतो. बाकीच्या प्रत्येक इंडेक्सच्या (झटपट शोधायला ठेवलेल्या सूचीच्या) नोंदीत शेवटी प्रायमरी की लिहिलेली असते, म्हणजे दुसऱ्या इंडेक्समधून शोधलं तरी डेटापर्यंत प्रायमरी कीवरूनच जावं लागतं. याचे दोन परिणाम. की लांबलचक ठेवली तर सगळेच इंडेक्स फुगतात. आणि की यादृच्छिक असेल, उदाहरणार्थ कुठूनही येणारा ३६ अक्षरी यूयूआयडी, तर नवा रो (टेबलातली ओळ) दर वेळी झाडाच्या भलत्याच पानावर घुसतो, पानं दुभंगतात आणि डिस्कचं काम वाढतं. साधा वाढता आकडा बहुतेकांना पुरतो. प्रायमरी की दिलीच नाही आणि नॉट नल युनिक कीसुद्धा नसेल, तर इनोडीबी ६ बाइटची एक छुपी की स्वतः बनवतं. ती तुम्हाला वापरता येत नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

पायरी ३: कमिट आणि रोलबॅक हाताने करून बघा

कमिट म्हणजे ट्रान्झॅक्शनमधले बदल कायम करणं, रोलबॅक म्हणजे ते मागे घेणं.

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
अपडेट खुर्च्या सेट स्थिती = २ व्हेअर प्रयोग_आयडी = ३;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम खुर्च्या व्हेअर प्रयोग_आयडी = ३ अँड स्थिती = २;
रोलबॅक;

मधल्या सिलेक्टला सगळं नाट्यगृह हाउसफुल्ल दिसेल. रोलबॅकनंतर तोच सिलेक्ट पुन्हा चालवा, आकडा पूर्वी होता तिथे येतो. हेच मायआयसॅमच्या टेबलावर केलंत तर रोलबॅक होतच नाही. फक्त ११९६ नंबरचा एक इशारा येतो की काही टेबलांतले बदल मागे घेता आले नाहीत. इशारे वाचायची सवय नसेल तर तोही दिसत नाही.

स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहिलं नाही तर काय होतं? ऑटोकमिट मुळात चालू असतं, त्यामुळे प्रत्येक आज्ञा स्वतःपुरती एक पूर्ण ट्रान्झॅक्शन होऊन लगेच कायम होते. पायथनची मायएसक्यूएल लायब्ररी मात्र ऑटोकमिट बंद ठेवूनच कनेक्शन उघडते. "इन्सर्ट चालला, एरर नाही, पण टेबलात काही दिसत नाही" ही नवख्यांची नेहमीची तक्रार तिथूनच येते: कमिट करायचं राहिलेलं असतं आणि कनेक्शन बंद होताच सगळं मागे जातं. पीएचपीत पीडीओ वापरत असाल तर उलट, तिथे ट्रान्झॅक्शन तुम्ही मुद्दाम सुरू करायची असते.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप, ट्रंकेट या आज्ञा चालवल्या की आधीची उघडी ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट होते. चालू कामाच्या मध्येच ट्रंकेट मारून मग रोलबॅक केलं तर हाती काही लागत नाही.

पायरी ४: दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा

हा सराव वाचून सोडू नका, प्रत्यक्ष करा. दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत मायएसक्यूएलला जोडून घ्या. 'क' रांगेतल्या १२ नंबरच्या खुर्चीचा आयडी ५७ आहे आणि ती रिकामी आहे, असं धरू.

डावीकडे:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
सिलेक्ट स्थिती फ्रॉम खुर्च्या व्हेअर आयडी = ५७;

उत्तर ०, खुर्ची रिकामी. आता उजवीकडे, ट्रान्झॅक्शन न उघडता:

अपडेट खुर्च्या सेट स्थिती = १, बुकिंग_आयडी = ९०१ व्हेअर आयडी = ५७;

खुर्ची गेली, कायम झाली. परत डावीकडे या आणि तोच सिलेक्ट पुन्हा चालवा. उत्तर अजूनही ०. डावीकडच्या ट्रान्झॅक्शनने पहिल्या सिलेक्टच्या वेळी डेटाचं जे चित्र धरून ठेवलं, तेच तिला शेवटपर्यंत दिसत राहतं. या पातळीला रिपीटेबल रीड म्हणतात आणि इनोडीबीत मुळात हीच लागू असते. जुनं चित्र उभं करायला लागणाऱ्या आधीच्या नोंदी अनडू लॉगमध्ये जपलेल्या असतात. त्यामुळे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नाही आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यासाठी.

आता खरी गंमत. डावीकडेच पुढची आज्ञा द्या:

अपडेट खुर्च्या सेट स्थिती = १, बुकिंग_आयडी = ९०२ व्हेअर आयडी = ५७ अँड स्थिती = ०;

सर्व्हर सांगतो, ० रो बदलले. आत्ताच सिलेक्टने स्थिती ० दाखवली होती, मग अपडेटला तसा रो का सापडला नाही? कारण साधा सिलेक्ट जुनं चित्र वाचतो, पण अपडेट आणि डिलीट मात्र सध्याचा, शेवटचा कमिट झालेला डेटा बघतात. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोघांची नजर वेगळी. ही एक गोष्ट डोक्यात बसली की इनोडीबीचं अर्धं कोडं सुटतं.

यातून एक निष्कर्ष निघतो. साध्या सिलेक्टच्या भरवशावर खुर्ची विकायची नाही. 'अँड स्थिती = ०' ही अट वरच्या अपडेटमध्ये नसती, तर ९०१ नंबरच्या ग्राहकाची खुर्ची ९०२ ने निमूट पळवली असती, आणि तेही ट्रान्झॅक्शन वापरून.

उपाय दोन आहेत. पहिला, वर केला तोच: अट अपडेटमध्येच घाला आणि किती रो बदलले ते कोडमध्ये तपासा. १ आला तर खुर्ची तुमची, ० आला तर ग्राहकाला नम्रपणे दुसरी दाखवा. एकच खुर्ची असेल तर मला हाच उपाय बरा वाटतो, लॉक (दुसऱ्याला तो रो बदलू न देणारं कुलूप) जेमतेम क्षणभर राहतो आणि कोडही आखूड.

दुसरा उपाय, आधी रो धरून ठेवायचा आणि मग ठरवायचं:

सिलेक्ट आयडी, स्थिती फ्रॉम खुर्च्या व्हेअर आयडी इन (५७, ५८, ५९, ६०) ऑर्डर बाय आयडी फॉर अपडेट;

'फॉर अपडेट' लिहिलेला सिलेक्ट सध्याचा डेटा वाचतो आणि ते रो कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत लॉक करतो. चौघांचं कुटुंब शेजारी शेजारी बसायचं म्हणतंय, म्हणजे चारही मिळाल्या तर घ्यायच्या, एक जरी गेलेली असेल तर चारही सोडायच्या, अशा वेळी हा उपाय लागतो. चारही रो आले आणि सगळ्यांची स्थिती ० असेल तर बुकिंगमध्ये इन्सर्ट, खुर्च्यांवर अपडेट, कमिट. नाहीतर रोलबॅक.

मायएसक्यूएल ८ मध्ये या आज्ञेच्या शेवटी 'नोवेट' किंवा 'स्किप लॉक्ड' जोडता येतं. नोवेट लावला की रो दुसऱ्याच्या हातात असेल तर वाट न बघता ३५७२ नंबरची एरर लगेच येते. स्किप लॉक्ड लावला की दुसऱ्याने धरलेले रो वगळून उरलेले मिळतात. "कुठल्याही चार खुर्च्या द्या" म्हणणाऱ्या ग्राहकाला स्किप लॉक्ड उत्तम. "मला हीच हवी" म्हणणाऱ्याला नोवेट.

पायरी ५: वाट बघणं आणि १२०५

दोन्ही खिडक्यांत आधीचं काम रोलबॅक करून घ्या. डावीकडे पुन्हा ट्रान्झॅक्शन उघडून ५७ला अपडेट करा आणि कमिट न करता सोडून द्या. उजवीकडे तोच रो अपडेट करायला जा. कर्सर नुसता लुकलुकत राहील. ५० सेकंद झाले की १२०५ नंबरची एरर येते: लॉकची वाट बघायची मुदत संपली.

१२०५ आली की फक्त ती एक आज्ञा मागे जाते, सगळी ट्रान्झॅक्शन नाही. आधी केलेले बदल तसेच लटकलेले राहतात, त्यांचे लॉकही. कोडने एरर पकडून पुढचं काम चालू ठेवलं आणि शेवटी कमिट केलं, तर अर्धवट काम कायम होऊन बसतं. १२०५ दिसली की रोलबॅक स्वतः करायचा, हा नियमच करून टाका.

नेमकं कुणी कुणाला अडवलंय हे बघायला 'सिस' डेटाबेसमधला इनोडीबी_लॉक_वेट्स हा व्ह्यू आहे. कोणतं कनेक्शन वाट बघतंय, कोणी अडवलंय आणि अडवणाऱ्याला बंद करायचं असेल तर कोणती किल आज्ञा द्यायची, हे सगळं त्यात तयार मिळतं.

कधीकधी एकच रो बदलायचा असतो आणि टेबलच्या टेबल अडून बसतं. तेव्हा इंडेक्स तपासा. इनोडीबी लॉक लावतं ते इंडेक्सच्या नोंदींवर. बुकिंगच्या टेबलात मोबाइल या कॉलमवर इंडेक्स नसेल आणि तुम्ही 'व्हेअर मोबाइल = अमुक' म्हणून अपडेट चालवलात, तर तो रो शोधायला सगळं टेबल चाळावं लागतं आणि रिपीटेबल रीडमध्ये चाळलेला प्रत्येक रो लॉक होतो. बदलला एक, अडले हजारो. इंडेक्स नुसता वेगासाठी असतो असं आपण शिकलेलो असतो, इथे तो गर्दी टाळायलाही लागतो.

पायरी ६: डेडलॉक येणारच, तयारी ठेवा

डावी खिडकी ५७ धरते आणि मग ५८ मागते. उजवीने त्याच वेळी ५८ धरलेला असतो आणि ती ५७ मागते. दोघीही एकमेकींच्या वाटेत. इनोडीबी हा फेरा लगेच ओळखतं, दोघींपैकी जिने कमी रो बदलले असतील ती सहसा निवडतं आणि तिला १२१३ नंबरची एरर देऊन अख्खी ट्रान्झॅक्शन मागे घेतं. १२०५ मध्ये एकच आज्ञा मागे गेली होती, १२१३ मध्ये सगळं जातं. त्यामुळे उपायही वेगळा: ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवायची. नुसती अडलेली आज्ञा पुन्हा दिली तर आधीच्या आज्ञांचं काम गायब असतं आणि उरलेलं तेवढं एकटं कायम होतं.

डेडलॉक दिसला की नवखे घाबरतात आणि डेटाबेस बिघडला असं समजतात. तसं काही नसतं, गर्दीच्या सिस्टीमला तो येतोच. ट्रान्झॅक्शनचं सगळं काम एका फंक्शनमध्ये ठेवा, १२१३ आली तर थोडं थांबून ते फंक्शन पुन्हा बोलवा, तीनेक वेळा जमलं नाही तर मगच ग्राहकाला सांगा. आणि मुळात कमी यावेत म्हणून सगळ्यांनी रो एकाच क्रमाने धरावेत. वरच्या सिलेक्टमध्ये 'ऑर्डर बाय आयडी' आहे ते त्यासाठीच. टेबलांचाही क्रम ठरवून घ्या: सगळ्या कोडमध्ये आधी खुर्च्या, मग बुकिंग. एका फंक्शनमध्ये हा क्रम आणि दुसऱ्यात उलटा, असं असेल तर डेडलॉकला तुम्हीच आवतण दिलंय.

शेवटच्या डेडलॉकचा पंचनामा 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' या आज्ञेत मिळतो. मजकूर लांबलचक येतो, त्यातला 'लेटेस्ट डिटेक्टेड डेडलॉक' हा भाग तेवढा वाचा. दोन्हींची शेवटची आज्ञा, धरलेला लॉक आणि मागितलेला लॉक तिथे लिहिलेला असतो.

पायरी ७: पैसे येईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडी ठेवू नका

सगळ्यात महागात पडते ती हीच गोष्ट. नवखा कोड साधारण असा असतो: ट्रान्झॅक्शन सुरू, खुर्ची लॉक, ग्राहकाला यूपीआयच्या पानावर पाठवा, पैसे आले की कमिट. कागदावर हे अगदी सुरक्षित दिसतं. प्रत्यक्षात ग्राहक पिन विसरतो, फोन उचलतो, नेटवर्क जातं. तेवढी मिनिटं लॉक अडकलेला असतो, बाकीच्यांना १२०५ येत राहतात आणि डेटाबेसची कनेक्शनं संपत येतात. शिवाय उघड्या ट्रान्झॅक्शनने डेटाचं जुनं चित्र धरून ठेवलं असेल तर त्यासाठी अनडू लॉगमधल्या नोंदी साफ करता येत नाहीत, त्या साठत जातात आणि अख्खा सर्व्हर मंदावतो.

त्याऐवजी एका लांब ट्रान्झॅक्शनचे आखूड तुकडे करा.

पहिली ट्रान्झॅक्शन: खुर्ची रिकामी असेल तर स्थिती १ आणि राखीव_मुदत म्हणजे आत्तापासून १० मिनिटं. कमिट. लॉक सुटला, पण खुर्ची राखून ठेवलेली आहे हे आता टेबलातच लिहिलेलं आहे.

मग ग्राहक पैसे भरायला जातो. या काळात डेटाबेसमध्ये काहीही उघडं नाही.

दुसरी ट्रान्झॅक्शन, पैसे आल्याचा निरोप मिळाल्यावर: खुर्ची फॉर अपडेट धरा, ती अजून याच बुकिंगच्या नावावर आहे ना ते बघा, स्थिती २ करा, पेमेंटची नोंद घाला, कमिट. तिकिटाचा एसएमएस कमिटनंतरच पाठवा. आधी पाठवलात आणि रोलबॅक झाला तर पाठवलेला एसएमएस मागे घेता येत नाही.

आणि दर मिनिटाला चालणारं एक छोटं काम: मुदत उलटून गेलेल्या राखीव खुर्च्या पुन्हा ० करायचं.

मुदत संपल्यावर पैसे आले तर? येतात, आणि ही वाट कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेली बरी: खुर्ची अजून मोकळी असेल तर देऊन टाका, नाहीतर परताव्याची नोंद करा. पेमेंट कंपन्या एकच निरोप दोनदा पाठवतात तेही लक्षात असू द्या. पेमेंटच्या टेबलात त्यांच्या संदर्भ क्रमांकावर युनिक की लावा. दुसऱ्या वेळी इन्सर्टला १०६२ नंबरची एरर येते, तिचा अर्थ "हे आधीच नोंदवलंय" असा घ्या आणि पुढे चला.

कुणी ट्रान्झॅक्शन उघडून चहाला गेलंय का, हे बघायला इन्फर्मेशन_स्कीमामधलं इनोडीबी_टीआरएक्स हे टेबल आहे. त्यात प्रत्येक चालू ट्रान्झॅक्शनची सुरुवातीची वेळ असते. सगळ्यात जुनी वर आणा, उत्तर तिथेच सापडतं.

पायरी ८: बिलाचा क्रमांक ऑटो_इन्क्रिमेंटवर सोडू नका

ऑटो_इन्क्रिमेंटने दिलेला आकडा रोलबॅक झाला तरी परत येत नाही. १०४ मागे गेला तर पुढचा १०५ येतो आणि १०४ ची जागा कायमची रिकामी. आयडी म्हणून याने काही बिघडत नाही. पण सिस्टीममधून जीएसटीचं बीजक निघत असेल तर गोष्ट वेगळी: केंद्रीय जीएसटी नियमांतला ४६वा नियम बीजकाला सलग क्रमांक मागतो, तोही १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असा. मधले आकडे गळाले की हिशेबनीस विचारणारच.

त्यासाठी 'क्रमांक_नोंद' असं एक छोटं टेबल ठेवा, प्रत्येक आर्थिक वर्षाला एक रो. बीजक बनवणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच तो रो फॉर अपडेट धरा, आकडा एकने वाढवा, बीजक इन्सर्ट करा, कमिट. रोलबॅक झाला तर वाढवलेला आकडाही मागे येतो. सगळी बिलं या एका रोवर रांगेत उभी राहतात हे खरं, म्हणून हे काम ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी करा.

पायरी ९: दोन सेटिंग बघून घ्या, बाकीच्यांना हात लावू नका

पहिली, इनोडीबी_बफर_पूल_साइझ. इनोडीबी डेटा १६ किलोबाइटच्या पानांत वाचतं आणि ती पानं मेमरीत या पूलमध्ये ठेवतं. न बदलता सोडलीत तर किंमत १२८ मेगाबाइट असते, खऱ्या कामाला तुटपुंजी. यंत्रावर फक्त डेटाबेसच चालत असेल तर मेमरीचा ७० ते ८० टक्के हिस्सा देतात. वेब सर्व्हरही तिथेच असेल तर हात आखडता घ्या.

दुसरी, इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट. किंमत १ असली की प्रत्येक कमिटला रिडू लॉग डिस्कवर पोचल्याशिवाय "झालं" असं उत्तर येत नाही. वीज गेली तरी सर्व्हर उठताना हा लॉग वाचतो, कमिट झालेलं पुरं करतो आणि अर्धवट राहिलेलं मागे घेतो. २ किंवा ० केलं की डिस्कवर जाणं साधारण सेकंदातून एकदा होतं, वेग वाढतो, पण वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातली तिकिटं जाऊ शकतात. इंटरनेटवर "हे २ करा, सर्व्हर पळेल" असा सल्ला जागोजाग मिळतो. पैशांचा व्यवहार असेल तर १ च राहू द्या. डबलराइट बंद करायचा सल्लाही तसाच बाजूला ठेवा. पान लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट पान दुरुस्त करायला तोच कामी येतो.

पायरी १०: चालू सर्व्हरचा बॅकअप

चालू असलेल्या सर्व्हरच्या डेटा फाइली नुसत्या कॉपी करू नका. काही पानं मेमरीत बदललेली पण डिस्कवर न पोचलेली असतात, त्यामुळे ती कॉपी वापरण्याजोगी असेलच असं नाही. मायएसक्यूएलडम्प चालवताना 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्या. चौथ्या पायरीत डावीकडच्या खिडकीला जसं एकच चित्र शेवटपर्यंत दिसत होतं, तसंच एक चित्र धरून हा डम्प निघतो आणि तिकीटविक्री चालूच राहते. अट एवढीच की टेबलं इनोडीबीवर हवीत आणि डम्प चालू असताना कुणी ऑल्टर चालवू नये. एखादं टेबल मायआयसॅमवर राहून गेलं असेल तर त्याच्यापुरती ही हमी मिळत नाही. डम्प निघाला की तो दुसऱ्या यंत्रावर चढवून बघा, आणि विकलेल्या खुर्च्यांची संख्या बुकिंगशी जुळते का ते तिथेच मोजा.